एकाकडे खल, दुसऱ्याकडे बत्ता



माझी आजी आम्हां मुलांना एका वाड्यातली गोष्ट सांगत असे. वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडे, आणि लोखंडी खलबत्ता मात्र एकच. तो ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलेला असे. ज्याला लागेल त्याने न्यावा आणि काम झाले की जागेवर आणून ठेवावा, असा रिवाज होता. एकदा सणाच्या आदल्या दिवशी एक बाई वेलदोडे कुटायचे म्हणून खल घेऊन गेल्या. हात भरलेले होते, तेव्हा बत्ता दुसऱ्या फेरीत नेऊ, असे त्यांनी ठरवले. तेवढ्यात दुसऱ्या एक बाई सुंठ कुटायची म्हणून आल्या. त्यांना बत्ता तेवढा दिसला. तो त्यांनी उचलला आणि त्या खलाची वाट पाहत बसल्या. पहिल्या म्हणाल्या, "बत्ता द्या, माझं झालं की दोन्ही आणून देते." दुसऱ्या म्हणाल्या, "आधी खल द्या, मग दोन्ही तुमचेच." दिवेलागण झाली तरी ना वेलदोडे कुटले गेले, ना सुंठ.

आम्ही हसत असू. आजी मात्र शेवटी म्हणे, "हसता काय? दोघींपैकी वाईट कोणीच नव्हती रे."

आजीचे हे शेवटचे वाक्य मला पुष्कळ वर्षांनी कळले. आणि ते कळायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. एक, मोठ्या संगणकांच्या रचनेविषयी केलेले वाचन; आणि दुसरी, माझ्याच प्रयोगशाळेत घडलेला एक फजितीचा प्रसंग. त्या दोहोंतून माझे जे मत बनले ते प्रथमच सांगून टाकतो. वस्तू थोड्या आणि माणसे फार असली म्हणजे जे अडते, त्याचा दोष आपण बहुधा माणसांच्या स्वभावाला देतो. तो पुष्कळदा वाटपाच्या नियमाचा असतो. आणि नियम बदलणे हे स्वभाव बदलण्यापेक्षा फार सोपे आहे.

यंत्र एक, कामे अनेक

आता संगणकाकडे वळू. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम या अमेरिकन कंपनीने 'सिस्टिम ३६०' नावाची संगणकांची मालिका जाहीर केली. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'सीडीसी ३६००' हा दुसऱ्या कंपनीचा मोठा संगणक आला. अशा संगणकाला 'मेनफ्रेम' म्हणत. तो एका टेबलावर मावणारा नव्हे. त्याला मोठी खोलीच लागे. मधोमध गणित करणारा मुख्य भाग, आणि भोवती त्याची उपकरणे: छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारे यंत्र, कागदावर छापणारा मुद्रक, चुंबकीय तबकड्या, आणि कपाटाएवढी उंच फीतयंत्रे.

या उपकरणांचा वेग पाहा. त्या मालिकेतले एक कार्डवाचक यंत्र मिनिटाला सुमारे १,००० कार्डे वाची. मुद्रक मिनिटाला सुमारे १,१०० ओळी छापी. हे आकडे आपल्याला मोठे वाटतात. पण मुख्य भाग एका सेकंदात हजारो-लाखो बेरजा करणारा. एक ओळ छापून होईपर्यंत त्याने नुसते बसून राहावे, हे एवढ्या महागड्या यंत्राला परवडणारे नव्हते. म्हणून युक्ती काढण्यात आली की, एका वेळी अनेक कामे यंत्रात घ्यायची. एक काम मुद्रकासाठी थांबले की मुख्य भागाने दुसऱ्याचे गणित करायचे. या सर्वांवर देखरेख करणारा जो कार्यक्रम, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण त्याला यंत्राचा कारभारी म्हणू.

कामे अनेक झाली आणि तिथेच वाड्यातला प्रश्न उभा राहिला. उपकरणे मोजकी, ती कोणाला, केव्हा आणि किती वेळ द्यायची?

फीतयंत्राचेच घ्या. फीत अर्धा इंच रुंद आणि रिळावर २,४०० फूट लांब. एका इंचात ८०० अक्षरे बसतात असे धरले, तर २,४०० × १२ × ८०० म्हणजे २ कोटी ३० लाखांहून थोडी अधिक अक्षरे होतात. (प्रत्यक्षात मधल्या मोकळ्या जागांमुळे ती कमी बसत.) पण या फितीचा एक स्वभाव आहे. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे क्रमानेच वाचावी लागते. एका कामाची फीत निम्मी लिहून झाली असताना त्याच यंत्रावर दुसऱ्याचे रीळ चढवणे म्हणजे रांगोळी अर्धी काढलेली असताना पाट उचलून नेण्यासारखे आहे. म्हणून फीतयंत्र एका वेळी एकाच कामाचे. तबकडीचे तसे नाही. तिच्यावरच्या कोणत्याही जागी चटकन पोहोचता येते, म्हणून एकच तबकडीयंत्र अनेक कामांना आळीपाळीने वापरता येते.

मागावे कसे?

प्रत्येक कामाबरोबर कार्डांचा एक गठ्ठा असे. त्यातल्या काही कार्डांवर, मला अमुक माहिती हवी आणि तिच्यासाठी अमुक उपकरण हवे, अशी मागणी लिहिलेली असे. या कार्डांना 'डीडी' कार्डे म्हणत. कारभाऱ्याजवळही प्रत्येक उपकरणाचे एक नोंदपत्रक असे: उपकरण चालू आहे की बंद, मोकळे आहे की कोणाकडे दिलेले आहे, इत्यादी. मागणी आणि नोंदपत्रक यांचा मेळ घालणे हे कारभाऱ्याचे काम.

मागणी तीन प्रकारे करता येई. पहिला प्रकार म्हणजे उपकरणाचा क्रमांक देणे: मला '१८०' क्रमांकाचेच यंत्र हवे. दुसरा, जात सांगणे: '२४००' जातीचे कोणतेही फीतयंत्र चालेल. तिसरा, त्या केंद्राने ठेवलेले सामायिक नाव सांगणे: 'टेप' या नावाखाली जी यंत्रे येतात त्यांतले कोणतेही द्या. तुमच्या लक्षात आलेच असेल की, पहिल्या प्रकारात काम अडण्याची शक्यता सर्वांत जास्त. १८० हे यंत्र दुसऱ्याकडे असले, तर शेजारचे १८१ मोकळे असूनही तुम्हांला थांबावे लागणार. म्हणून जाणकार लोक सांगत की, अगदीच कारण असल्याशिवाय क्रमांक देऊन मागू नका.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. प्रयोगशाळेत "मला तो खिडकीजवळचाच सूक्ष्मदर्शक हवा" असे म्हणणारा विद्यार्थी स्वतःची आणि इतरांची वाट अडवतो. गरज जेवढी असेल तेवढीच नेमकी मागणी करावी. तिच्यात हट्ट मिसळला की रांग लांबते.

कोंडी

समजा, यंत्राला दोनच फीतयंत्रे आहेत. 'क' आणि 'ख' अशी दोन कामे चालू झाली. दोघांनाही एका फितीवरून दुसऱ्या फितीवर नक्कल करायची आहे, म्हणजे प्रत्येकाला दोन-दोन यंत्रे लागणार. 'क'ने एक मागितले, मिळाले. 'ख'ने एक मागितले, मिळाले. आता 'क' दुसरे मागतो. ते 'ख'कडे आहे. 'ख' दुसरे मागतो. ते 'क'कडे आहे. खल इकडे आणि बत्ता तिकडे! यंत्र बिघडलेले नाही, दिवे लागलेले आहेत, वीज चालू आहे. आणि तरीही ही दोन कामे जगाच्या अंतापर्यंत पुढे सरकणार नाहीत. याला आपण 'कोंडी' म्हणू.

एट्‌सखर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९६५ साली विद्यार्थ्यांच्या परीक्षेत असाच एक प्रश्न घातला होता. त्यात पाच संगणक आणि त्यांच्यामध्ये सामायिक फीतयंत्रे होती. पुढे टोनी होअर यांनी त्याला गोल टेबलाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप दिले. आणि त्या रूपात तो आज जगभर शिकवला जातो. १९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी एका लेखात कोंडीची कारणे नीट मांडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय कोंडी होत नाही:

१. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते.
२. हातातली वस्तू धरून ठेवून माणूस दुसरीची वाट पाहतो.
३. दिलेली वस्तू मध्येच काढून घेता येत नाही.
४. वाट पाहणाऱ्यांचे एक वर्तुळ तयार होते. पहिला दुसऱ्यासाठी थांबलेला, दुसरा तिसऱ्यासाठी, आणि शेवटचा पुन्हा पहिल्यासाठी.

साखळीला चार कड्या आहेत. एक तोडली तरी पुरे, कोंडी होणार नाही. या चारांत 'माणसे दुष्ट आहेत' अशी पाचवी कडी कोठेही नाही. आजी हेच म्हणत होती.

माझ्या प्रयोगशाळेतला प्रसंग

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी बारावीचे प्रात्यक्षिक चालू होते. दोन गटांना विजेचे प्रयोग होते. एका गटाला मीटरसेतूने तारेचा रोध काढायचा होता. दुसऱ्या गटाला अर्धविचलन पद्धतीने गॅल्व्हानोमीटरचा स्वतःचा रोध काढायचा होता. दोन्ही प्रयोगांना गॅल्व्हानोमीटर लागतो आणि लहान रोधांची रोधपेटीही लागते. त्या दिवशी चालू स्थितीतला गॅल्व्हानोमीटर एकच उरला होता, आणि जिच्या खुंट्या घट्ट बसतात अशी रोधपेटीही एकच. पहिल्या गटाने रोधपेटी घेतली, दुसऱ्याने गॅल्व्हानोमीटर घेतला. मी दुसऱ्या टोकाला प्रयोगवह्या तपासत बसलो होतो. चाळीस मिनिटांनी पाहतो, तो दोन्ही गट हात बांधून उभे!

मी रागावलो. "एवढी मोठी झालात, एकमेकांना सहकार्य करता येत नाही?" असे सर्वांसमोर बोललो. तेव्हा दुसऱ्या गटातली एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंडही उघडत नसे, हळूच म्हणाली, "सर, आम्ही चुकलो कुठे? जे मोकळं होतं ते घ्या, आणि घेतलेलं उपकरण प्रयोग संपेपर्यंत सोडू नका, असं तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

ती बरोबर बोलत होती. उपकरणांची हेळसांड होऊ नये म्हणून मीच तो नियम केला होता. दुसरी कडी मी स्वतःच्या हाताने घडवली होती, आणि मुले ती निमूटपणे पाळत होती. जो गट नियम मोडून दांडगाई करता, त्याचा प्रयोग पूर्ण झाला असता. नियम पाळणारे दोन्ही गट मात्र त्या दिवशी निरीक्षणांविना घरी गेले. मी त्या मुलीची नंतर वर्गात क्षमा मागितली; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा नियम बदलायला हवा हे मला त्या दिवशी उमगले.

कड्या कशा तोडतात?

संगणकाच्या कारभाऱ्याने या कड्या कशा तोडल्या ते पाहू. आयबीएमच्या 'ओएस ३६०' या कारभाऱ्यात कोंडी कशी टाळली आहे, याचे वर्णन जे. डब्ल्यू. हॅवेंडर यांनी १९६८ साली एका लेखात केले होते. ते विचार पुढच्या पिढ्यांतही टिकले.

पहिली कडी मुद्रकाच्या बाबतीत तुटली. मुद्रक एका वेळी एकाचाच, हे खरे. पण कामाला प्रत्यक्ष मुद्रक द्यायचाच कशाला? कामाने आपले छापायचे ते सर्व तबकडीवर लिहावे, आणि कारभाऱ्याने सवडीने एकामागून एक छापून द्यावे. या पद्धतीला 'स्पूलिंग' म्हणतात. प्रत्येक कामाला वाटते की, मुद्रक आपलाच आहे. पण फितीच्या बाबतीत ही युक्ती तेव्हा चालली नाही.

तिसरी कडी तोडणे, म्हणजे चालू कामाच्या हातून फीतयंत्र हिसकावणे, हे तर फारच खर्चाचे. निम्मे लिहिलेले काम वाया जाते. प्रयोगाचेही तसेच आहे: जुळवलेली रोधपेटी मध्येच उचलून नेली तर निरीक्षणे पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मुख्य भर दुसऱ्या कडीवर दिला गेला. प्रत्येक काम पायऱ्यापायऱ्यांनी होते. एका पायरीला जेवढी उपकरणे लागतील, तेवढी सगळी त्या पायरीच्या आरंभीच द्यायची. सगळी नसतील तर पायरी सुरूच करायची नाही. खल आणि बत्ता दोन्ही मोकळे असतील तरच न्या, नाहीतर दोन्ही ओसरीवरच राहू द्या! आणि ज्या माहितीसंचांची नावे कामात आली आहेत, त्यांच्यावरचा हक्क तर काम सुरू होतानाच, सर्व पायऱ्यांसाठी एकदम घेतला जातो. माहिती नुसती वाचायची असेल तर कार्डावर तसे लिहायचे. मग वाचणारे अनेक चालतात. लिहायचे असेल तर मात्र एकटाच.

चौथी कडी तोडण्याची युक्ती मला सर्वांत आवडते, कारण ती भूमितीतल्या सिद्धतेसारखी आहे. सर्व वस्तूंना क्रमांक द्यायचे आणि नियम करायचा की, प्रत्येकाने चढत्या क्रमानेच मागावे. हातात ३ क्रमांकाची वस्तू असेल तर ४, ५ मागता येईल, २ मागता येणार नाही. आता वर्तुळ होऊच शकत नाही. का ते पाहा. समजा झाले. त्या वर्तुळातल्या सर्व वस्तूंमध्ये एक सर्वांत मोठ्या क्रमांकाची असणार. ती ज्याच्या हातात आहे तो वर्तुळातल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूसाठी थांबलेला असला पाहिजे. म्हणजे तो लहान क्रमांकाची वस्तू मागतो आहे. पण तसे मागण्याची तर बंदी आहे. म्हणून वर्तुळ अशक्य. एकही जास्तीची वस्तू विकत न घेता, केवळ क्रम लावल्याने कोंडी नाहीशी झाली!

'धरू की सोडू?'

आता या सर्व व्यवस्थेतले मला सर्वांत बोलके वाटलेले स्थळ सांगतो. 'एमव्हीएस' हा ओएस ३६०चा वंशज १९७४ साली आला. त्याच्यात एखाद्या कामाला हवे असलेले यंत्र सापडलेच नाही, तर कारभारी आपल्या मनाने निर्णय घेत नाही. तो यंत्रचालकाला, म्हणजे खोलीत बसलेल्या माणसाला, पडद्यावर प्रश्न विचारतो. चालकाने दुसऱ्या एखाद्या यंत्राचा क्रमांक द्यावा, किंवा काम रद्द करावे, किंवा थांबायला सांगावे. चालकाने 'थांब' म्हटले की कारभारी दुसरा प्रश्न विचारतो: 'होल्ड' की 'नोहोल्ड'? म्हणजे, या कामाला आतापर्यंत जी उपकरणे मिळाली आहेत, ती थांबलेल्या काळात त्याने धरून ठेवायची की सोडून द्यायची?

'धर' म्हटले तर या कामाची मिळालेली जागा जात नाही, पण इतर कामे अडतात आणि कोंडीचा धोका येतो. 'सोड' म्हटले तर इतरांचे चालू राहते, पण या कामाला पुन्हा सारे गोळा करावे लागते. एवढ्या प्रगत यंत्राने हा प्रश्न माणसावर सोपवला, याचे मला आश्चर्य वाटले नाही. कोणाचे नुकसान होऊ द्यायचे, हा तो प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर त्या खोलीतली परिस्थिती पाहूनच द्यावे लागते.

उपायांची किंमत

माझ्या प्रयोगशाळेत मी काय केले? प्रथम चिठ्ठीची पद्धत सुरू केली. प्रत्येक गटाने प्रयोगाला लागणारी सर्व उपकरणे एका चिठ्ठीवर लिहून द्यायची. आमचे प्रयोगशाळा साहाय्यक, ज्यांना सगळी मुले 'मामा' म्हणतात, ते सर्व वस्तू असतील तरच देणार; एखादी जरी नसली तरी चिठ्ठी परत. कोंडी त्या दिवसापासून बंद झाली. मी खूश झालो.

पण विज्ञानाच्या माणसाने खूश झाल्यावर पुन्हा एकदा मोजून पाहावे. पंधरवड्यात तीन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे, गट तारा घासण्यात आणि जोडण्यात अर्धा तास घालवी, आणि तोवर गॅल्व्हानोमीटर टेबलावर नुसता पडून राही. दुसरी, मुले 'असू दे, लागला तर' म्हणून चिठ्ठीवर जास्तीच्या वस्तू लिहू लागली. तिसरी सर्वांत वाईट. ज्या गटाला पाच वस्तू लागत त्याची चिठ्ठी वारंवार परत येई, कारण दोन वस्तूंचे गट मध्येच आपले काम साधून जात. कोंडी गेली आणि तिच्या जागी उपासमार आली.

संगणकवाल्यांनाही हेच भोगावे लागले. 'जेईएस ३' या पद्धतीत संपूर्ण कामाची उपकरणे ते सुरू होण्याआधीच राखून ठेवण्याची सोय होती. समजा, एका कामाच्या पहिल्या पायरीला २ फीतयंत्रे, दुसरीला ३ आणि तिसरीला १ लागते. प्रत्येक पायरीसाठी वेगळी राखली तर ६ अडकतील. पण एका वेळी जास्तीत जास्त ३च लागतात ना? मग ३च राखा आणि तीच पुढच्या पायऱ्यांत फिरवा. नदीच्या घाटावर पुराची सर्वोच्च रेषा काढतात, त्यावरूनच या सुधारणेचे नाव ठेवले गेले. साधी बेरीज न करता महत्तम घ्यायचे, एवढाच फरक. पण त्यात निम्मी यंत्रे मोकळी झाली.

म्हणून मीही सुधारणा केल्या. प्रयोगाचे दोन भाग पाडले: जुळणी आणि निरीक्षण. गॅल्व्हानोमीटर जुळणी झाल्यावरच मिळतो. उपकरणांना क्रमांक दिले, आणि सर्वांत दुर्मिळ वस्तूला सर्वांत मोठा क्रमांक दिला, म्हणजे ती शेवटी घेतली जाते आणि थोडाच वेळ अडकते. आणि ज्या गटाची चिठ्ठी एकदा परत गेली, त्याचा नंबर पुढच्या खेपेला सर्वांच्या आधी. हे सर्व नियम फळ्यावर लिहिलेले आहेत. मुलांना ते मोडून दाखवण्याची मुभा आहे. कोणी नियमातली फट काढून दाखवली तर आम्ही नियम सुधारतो.

एक आक्षेप

माझे एक सहकारी म्हणतात, "एवढे नियम कशाला? मुलांना आपसांत ठरवू दे. त्यातूनच समजूतदारपणा येतो." हे म्हणणे टाकाऊ नाही. दोन मैत्रिणींमध्ये एक खलबत्ता असेल तर नियमाची गरजच नाही, बोलून भागते. पण संगणकातली कामे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि साठ मुलांच्या वर्गातली मुलेही सगळी एकमेकांशी मोकळी नसतात. नियम नसला की आपसांत कोण ठरवतो? ज्याचा आवाज मोठा तो. गप्प बसणाऱ्या मुलीच्या वाट्याला मग निरीक्षणे येत नाहीत; ती शेजारच्या वहीतून आकडे उतरवते आणि भौतिकशास्त्र आपल्यासाठी नाही असे ठरवून मोकळी होते. फळ्यावर लिहिलेला नियम आवाज ऐकत नाही. तो भिडस्त मुलांचा पाठीराखा असतो, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे.

दुसरेही एक सांगतो, ते मुख्यतः शिक्षकबंधुभगिनींसाठी. वाटपाचा नियम कितीही चांगला असला तरी कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या वस्तूंचे वाटप त्याला करता येत नाही. संगणकाच्या नोंदपत्रकात उपकरण 'बंद' असे लिहिलेले असेल तर कारभाऱ्याच्या लेखी ते नसल्यासारखेच. आपल्या शाळांतले किती सूक्ष्मदर्शक, किती लोलक 'फुटतील' या भीतीने असे बंद आहेत? 'धरू की सोडू' या प्रश्नाला आपण वर्षानुवर्षे 'धरू' असेच उत्तर देत आलो आहोत. माझ्या मते वापरताना फुटलेल्या भिंगापेक्षा कपाटात बुरशी चढलेले भिंग जास्त महाग पडते.

त्या फीतयंत्रांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आज पुष्कळ केंद्रांत फीतयंत्र हे तबकड्यांवर उभे केलेले नुसते सोंग असते. मुद्रकाची जुनी युक्ती अखेर फितीलाही लागू पडली. मेनफ्रेम मात्र गेलेले नाहीत. मोठमोठ्या बँकांची कामे अजून त्यांच्यावर चालतात, आणि त्यांच्या कारभाऱ्यात 'डीडी'च्या ओळीही आहेत. तुमच्या हातातल्या मोबाइलमध्येसुद्धा एक ॲप कॅमेरा वापरत असताना दुसऱ्याला तो मिळत नाही, तेव्हा आत हाच जुना प्रश्न सोडवला जात असतो.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या शाळेत किंवा घरात जेथे थोड्या वस्तू अनेकांना लागतात, अशी एक जागा निवडा: खेळाचे साहित्य, ग्रंथालय, पाण्याचा नळ, एकच इस्त्री आणि एकच टेबल. आठवडाभर फक्त पाहा आणि लिहून ठेवा. कोण कोणासाठी थांबले? थांबताना त्याच्या हातात काय होते? ते त्या वेळी वापरात होते की नुसते धरलेले होते? मग चार कड्यांपैकी कोणती तोडता येईल ते ठरवा, तुमच्या नियमाची किंमत कोणाला मोजावी लागेल तेही लिहा, आणि ती वही आपल्या शिक्षकांना दाखवा.

आणि पुढच्या वेळी दोघे जण एकमेकांवर रुसून हात बांधून उभे असलेले दिसले, तर त्यांच्यावर रागावण्याआधी एवढेच पाहा: एकाच्या हातात खल आणि दुसऱ्याच्या हातात बत्ता तर नाही ना?